१०१ प्रयोगांची विज्ञान पेटी आणि सिडकोतली आमची गच्ची

मी माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. तासाला साहित्य मांडायचं, तास संपला की परीक्षानळ्या धुवायच्या, फुटली असेल तर कोणी फोडली ते शोधायचं आणि वर्षाच्या शेवटी डेडस्टॉक रजिस्टर घेऊन बसायचं, हे माझं काम. त्यामुळे मुलांसाठी विज्ञानाचं खेळणं घ्यायला गेले की माझं लक्ष झाकणावरच्या हसऱ्या पोरांकडे जात नाही. वायरची टोकं कशी आहेत, भिंग काचेचं आहे की प्लॅस्टिकचं, पुड्यांवर नावं लिहिली आहेत का, हे मी आधी बघते. दुकानदाराला ते आवडत नाही. पेटी सीलबंद होती, म्हणून हे सगळं बघायला मिळालं ते घरी आल्यावरच.

नाशिकला कॉलेज रोडच्या एका खेळण्यांच्या दुकानातून ही पेटी १,७९९ रुपयांना आणली. झाकणावर ‘वय ५ ते ९’ आणि ‘१०१ प्रयोग’. पेटीचं नाव मी लिहीत नाहीये, कारण हीच पेटी वेगवेगळ्या झाकणांखाली, वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे विकली जाते. आतला माल थोड्याफार फरकाने तोच. तेव्हा हे परीक्षण त्या सगळ्यांचं धरा.

घरी गिऱ्हाईक दोन. गार्गी दुसरीत आहे, सात पूर्ण. मल्हार चारचा, म्हणजे झाकणावरच्या हिशेबात तो बसत नाही. पण ताईची पेटी उघडली जात असताना धाकट्याला ‘तुझं वय बसत नाही’ असं सांगून बघा, काय होतं ते.

आता १०१ चा हिशेब. फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलणे हा एक, तोच फुगा भिंतीला चिकटवणे हा दुसरा, त्याच फुग्याने नळाची धार वाकवणे हा तिसरा. चुंबकाला टाचणी चिकटते हा एक, खिळा चिकटतो हा पुढचा. असं करत करत शंभरी गाठली आहे. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, दुकानात सगळे असंच मोजतात. पण खऱ्या अर्थाने वेगळ्या गोष्टी पंधरा-सोळा निघतील, आणि त्यातल्या मोजक्याच पुन्हा पुन्हा खेळल्या जातील.

पुस्तिकेचं पहिलं पान ज्वालामुखीचं. सगळ्या पेट्यांचं असतंच. प्लास्टरचा टोकदार डोंगर, त्यात पावडर, वरून व्हिनेगर, मग लाल फेस. मुलं किंचाळली, पुन्हा करायला लावलं, पेटीतलं व्हिनेगर संपलं. आमच्या सासूबाईंना त्या वासाचा तिटकारा, त्यांनी ‘पुढचे फेस मोरीत काढा’ असा हुकूम सोडला. यात शिकण्यासारखं काय आहे? खायचा सोडा आणि आम्ल एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे कळायला ग्लासात लिंबू पिळलं तरी पुरतं. डोंगर उगाच आहे. उलट त्या डोंगरामुळे मुलांच्या डोक्यात असं बसतं की पर्वताच्या पोटात सोडा भरलेला असतो. गार्गीने तसं विचारलंही.

आणि नाशिकच्या मुलाला तर हा डोंगर फारच गैरलागू. आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तो लाव्हाचाच आहे, पण असा शेंड्यातून उसळलेल्या लाव्हाचा नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर वाहत आला, पसरला, थिजला. त्यावर पुढचा थर, त्यावर आणखी एक. म्हणून आपले डोंगर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. हे दाखवायला मी गुळाचा पाक केला. कढई माझ्या हातात, मुलं दोन हात लांब. तूप लावलेल्या ताटात एक थर ओतला, गार झाल्यावर दुसरा. पाक मधे उंच न होता कडेपर्यंत पसरतो, आणि ताटातला गार पाक तोडला की थर वेगळे दिसतात. दुसऱ्या थरात सासूबाईंनी शेंगदाणे टाकले, त्यामुळे भूगर्भशास्त्राची चिक्की झाली, आणि या एका प्रयोगाबद्दल घरात तक्रार नाही.

पाक घट्ट होताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, तेही दाखवा. लाव्हात असेच वायूचे फुगे अडकले, खडकात पोकळ्या राहिल्या आणि नंतर पाझरलेल्या पाण्यातून तिथे स्फटिक वाढले. विहीर खणताना, खाणीत, रस्त्याच्या कामात दगड फुटला की आत पांढरं चमकणारं काही दिसतं ते हेच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे स्फटिक बघायला मिळतात. पेटीचे पैसे वाचवून तिथे जा, असं मी कोणालाही सांगेन.

रसायनांच्या पुड्यांवर मात्र मी खरोखर चिडले. ‘पावडर अ’ आणि ‘पावडर ब’. बस, एवढंच. आमच्याकडे नाव नसलेली बाटली सापडली तर ती टेबलावरसुद्धा ठेवत नाहीत, आणि इथे पाच वर्षांच्या मुलाच्या हातात बेनामी पुडी द्यायची? शाळेतला लिटमस कागद आणून बघितलं. ‘अ’ने निळा लिटमस लाल केला, ‘ब’वर लिंबू पिळलं की फसफसलं. लिंबूसत्व आणि खायचा सोडा असणार, दुसरं काय. पण ‘असणार’ यावर मुलांना हात लावू द्यायचा नसतो. पुड्या टाकल्या, पवननगरच्या बाजारात किराणा दुकानातून दोन्ही आणले आणि बरण्यांवर नावं गार्गीकडून लिहून घेतली. तिचं अक्षर मोठं येतं, लेबल लांबूनही वाचता येतं.

पेटीत रंग बदलणारी जांभळी पूड आहे, लाल कोबीची. चालते छान, पण चिमूटभर. नाशिकमध्ये बसून कोबीची पूड विकत घेणं म्हणजे जरा अतिच. फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी द्राक्षं आणा, सालं काढून पाण्यात उकळा, गाळा. त्या पाण्यात लिंबू पिळलं की ते लालभडक होतं, सोडा टाकला की हिरवट-निळं. द्राक्षांचा हंगाम नसेल तर जास्वंदीची फुलं. ती लिंबात गुलाबी आणि सोड्यात हिरवी होतात. हळद तर बारमाही. हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लागला की डाग तांबडा होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. त्यावर लिंबू चोळलं की डाग परत पिवळा. मुलांनी मग घरातल्या सगळ्याची तपासणी केली: ताक, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, चिंचेचं पाणी, आजीचं अँटासिडचं औषध. हे तपासताना पुस्तिका लागली नाही, चहाचे जुने कप लागले.

विजेचा भाग हा या पेटीचा जीव, आणि नेमकी तिथेच कंजुषी केली आहे. आत आहे काय? एका पेन्सिल सेलचा होल्डर, दोन लाल एलईडी, क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या वायरी, एक स्विच आणि पंखा लावलेली छोटी मोटर. वायरी चांगल्या आहेत, क्लिपची पकड घट्ट आहे, टाके नीट मारलेत. पण लाल एलईडी पेटायला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात आणि एका पेन्सिल सेलमधून मिळतात दीड. म्हणजे पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे जोडणी केली तर एलईडी पेटणारच नाही. गार्गीने पाय उलटसुलट करून बघितले, सेल बदलला, स्विच दाबून दाबून थकली. ज्या घरात आईबापांना हे माहीत नसेल तिथे ते मूल काय समजेल? आपल्याला जमत नाही, असंच.

दोन सेल कागदाच्या नळीत एकामागे एक गुंडाळले, टोकांना वायरी चिकटपट्टीने दाबल्या, मधे वीज आवरणारा १०० ओहमचा रेझिस्टर टाकला. लख्ख पेटला. रेझिस्टर लावाच, नाहीतर तीन व्होल्टवर एलईडी जास्त वीज ओढतो आणि जळतो. एम. जी. रोडच्या बाजूच्या गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे सुटे मिळतात, आणि दुकानदार ‘शाळेचा प्रोजेक्ट का ताई?’ असं विचारून एखादा जास्तही देतो. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे, एवढं मुलाला सांगा. बाकीचं त्याला शोधू द्या. लिंबातून, खिळ्यातून, पेन्सिलच्या शिश्यातून, ओल्या दोऱ्यातून वीज जाते की नाही हे बघण्यात गार्गी रमली. शिश्यातून जाते हे कळल्यावर तिने घरातल्या पेन्सिली दोन्ही बाजूंनी तासल्या. त्यांचा हिशेब मी पेटीच्या किमतीत धरला आहे.

मोटर बंद डबीतली आहे. वायर जोडली, पंखा फिरला, संपलं. सेल उलटा लावला की पंखा उलटा फिरतो, हे एक कळतं. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि डबी उघडली तर परत बसत नाही. यापेक्षा अरविंद गुप्तांची मोटर करा. हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे आणि मराठीतही व्हिडिओ आहेत. साहित्य: एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, एक चुंबक आणि तांब्याची वाइंडिंगची तार. माझा नवरा अंबडच्या एमआयडीसीत आहे, तिथल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून त्याने डबाभर तुकडे आणून दिले. पेटीतला गोल चुंबक इथे कामी आला.

तारेची गुंडाळी करायची, दोन टोकं बाजूंना काढायची आणि पिनांच्या भोकांत अडकवायची. खरी गंमत टोकांत आहे. या तारेवर एनॅमलचा पातळ थर असतो, तो दिसत नाही, आणि पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय वीज जात नाही. एक टोक सगळीकडून खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली तर चुंबक गुंडाळीला अर्ध्या फेरीत पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे, त्यामुळे ती जागच्या जागी डुगडुगते. अर्धी बाजू झाकलेली राहिली की तेवढा वेळ वीज बंद, गुंडाळी स्वतःच्या वेगाने पुढे जाते आणि पुन्हा धक्का मिळतो. गार्गीची गुंडाळी आधी एकीकडे जड झाली, फिरेना. तिने ती काढली, सपाट केली, परत बसवली, बोटाने टिचकी मारली. तशी फिरली. बंद डबीतला पंखा तिने त्यानंतर मागितला नाही.

एक सांगते. या मोटरमध्ये तार आणि सेल दोन्ही तापतात. खेळून झालं की गुंडाळी काढून ठेवायची, लावून सोडायची नाही.

भिंगाला मात्र पैकीच्या पैकी. काचेचं आहे, चांगलं जाड, कडा नीट घासलेल्या. दुपारी खोलीतले दिवे बंद करून खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरलं की समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी भिंतीवर उमटते, रंगीत आणि उलटी. मल्हारने स्वतः डोकं खाली करून ती सरळ करून बघितली. भिंतीपासून कुठे धरल्यावर चित्र स्पष्ट होतं ते अंतर पट्टीने मोजायला लावा, ते त्या भिंगाचं केंद्रांतर. सातव्या वर्षी शब्द नाही कळला तरी चालेल, आकडा लक्षात राहतो. मुंग्या, पारिजातकाचं देठ, मिठाचे चौकोनी कण, स्वतःच्या अंगठ्याच्या रेषा, काहीही बघा. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे मात्र भिंग हातात देण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

आता सूर्यघड्याळ. पेटीतल्या सगळ्यांत देखण्या वस्तूचं सगळ्यांत वाईट काम. छान छापलेला पुठ्ठा, त्यावर तासांच्या रेषा, मधे उभा त्रिकोण. मी कोनमापक लावला, त्रिकोणाचा कोन ५० अंश. सूर्यघड्याळाच्या त्रिकोणाचा कोन त्या गावाच्या अक्षांशाएवढा असावा लागतो. लंडनच्या आसपास हे बरोबर चाललं असतं. नाशिक २० अंशांवर आहे. कुठल्यातरी परदेशी पेटीचं चित्र जसंच्या तसं उचललंय आणि ते इकडे चालेल का हे कोणी गच्चीवर नेऊन बघितलेलं नाही. तासांच्या रेषाही त्याच कोनाच्या हिशेबाने, म्हणजे त्याही बाद.

लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून आम्ही २० अंशांचा त्रिकोण कापला. तो इतका बसका निघाला की मल्हारने लगेच त्यावरून घसरगुंडीसारखी गाडी सोडली. दिशेसाठी पेटीतलं होकायंत्र पुरतं. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाएवढाही फरक नाही, ही आपली सोय. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्रिकोण चिकटवला, चढती बाजू उत्तरेकडे केली आणि सुट्टीच्या दिवशी दर तासाला घड्याळ बघून गार्गीने सावलीवर पेन्सिलने रेघ मारली. दुपारच्या रेघा दाटीवाटीने आल्या, सकाळ-संध्याकाळच्या फाकलेल्या. का, ते तिला मी सांगितलेलं नाही. अजून विचारते आहे, विचारू दे.

सावली बरोबर उत्तरेवर येते तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात, हे पोरांना फार खटकलं. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, साधारण ७३.८ अंशांवर. सूर्याला तिथून आपल्यापर्यंत यायला ३५ मिनिटं लागतात. त्यात वर्षभर थोडं मागेपुढे होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास मध्यान्ह होते, फेब्रुवारीत पाऊण वाजून गेल्यावर.

रात्री त्याच त्रिकोणाच्या चढत्या कडेच्या रेषेत बघितलं तर समोर ध्रुवतारा येतो. जितका अक्षांश तितका ध्रुव क्षितिजापासून वर. हात सरळ लांब करून वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. म्हणजे नाशिकला ध्रुवतारा क्षितिजावर एक वीत. लहान मुलाची वीत लहान तसा हातही आखूड, त्यामुळे त्याचंही माप जुळतं. सिडकोच्या उजेडात ध्रुव मिणमिणता दिसतो, पण वीत लावली की कुठे शोधायचं ते कळतं. सासूबाईंनीही वीत लावून बघितली. आयुष्यभर ध्रुवबाळाची गोष्ट सांगत आले, म्हणाल्या, पण तो नेमका कुठे बसलाय हे आज कळलं.

आणखी एक, यासाठी पेटीची गरजच नाही. २० मेच्या सुमारास नाशिकला भरदुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीत सरळ उभा डबा ठेवला तर त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते. त्यानंतर जुलैच्या २३ तारखेच्या आसपासपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, उत्तरेला नाही. पावसाळ्यात ढग असतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही इतकंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊन मिळालं तर बघा. लंडनच्या मुलाला हे जन्मभर त्याच्या गच्चीवरून दिसायचं नाही.

पर्जन्यमापकाची गत तीच. प्लॅस्टिकचा पेला, बाजूला मिलिमीटरच्या सारख्या अंतरावर रेघा. पेल्याचं तोंड १० सेंटीमीटर आणि बूड ६. आता बघा, पाऊस पकडायचा रुंद तोंडाने आणि साठवायचा अरुंद बुडात. पाच मिलिमीटर पाऊस पडला तर पेला तेराच्या आसपास दाखवणार. सगळे हवामान खात्याला नावं ठेवतात, इथे खेळण्याने खात्यालाही मागे टाकलं! आम्ही भांडी बाजारातून सरळ भिंतीचा स्टीलचा डबा आणला. तोंड आणि बूड सारखं असलं की डबा केवढाही रुंद चालतो, आत पट्टी बुडवायची आणि पाण्याची उंची मोजायची. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते, म्हणून आम्हीही शाळेच्या दिवशी रिक्षा यायच्या घाईत न मोजता रविवारी साडेआठलाच मोजतो. इगतपुरीचा आकडा पेपरात बघून गार्गी आमच्या डब्याला कमी लेखते, तो भाग वेगळा.

मापाची गोष्ट निघालीच आहे तर गोदाघाटावर न्या मुलांना. पूर आला की सगळं नाशिक एकच विचारतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. मोजपट्टी म्हणजे काय हे याहून चांगलं कुठली पेटी शिकवणार? (पूर असताना काठावर नाही, पुरानंतर न्यायचं.)

चुंबकाचं फार लिहीत नाही. साधे काळे गोल चुंबक आहेत, बरे आहेत. बांधकामाच्या ढिगातली वाळू ताटात घेऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवला तर काळे बारीक कण चिकटून येतात. ते आपल्याच काळ्या दगडातलं लोहखनिज. मल्हारचा हा आवडता उद्योग, आणि चारच्या वयाला तो अगदी योग्य. पाणी गाळायचं यंत्रही आहे, वाळू-खडे-कोळशाचं. पुस्तिका म्हणते ‘शुद्ध पाणी तयार!’ नाही हो. गढूळ पाणी स्वच्छ दिसायला लागतं, पिण्याजोगं होत नाही. जंतू वाळूत अडकून बसत नाहीत. हे वाक्य पुस्तिकेत ठळक छापायला हवं होतं, तिथे हसरा थेंब छापलाय.

आता ज्या दोन वस्तू मी पहिल्याच दिवशी काढून कपाटात वर ठेवल्या त्यांच्याबद्दल. एक, बटण सेल, दिव्याच्या फिरत्या भिंगरीतला, आणि त्या भिंगरीचं झाकण स्क्रूचं नाही, नखाने उघडतं. हा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. शंका आली तरी वाट बघत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. दुसरी, पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे मणी. गोळीसारखे दिसतात, पोटात गेल्यावर तिथेही फुगतात आणि आतडं अडवतात. घरात चार वर्षांचं मूल असेल तर हे मणी घरात नकोतच. ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ असं झाकणाच्या खाली बारीक अक्षरात लिहून कंपनी मोकळी झाली आहे. मोठ्यांना फोडणीचा वास आला की त्यांना स्वयंपाकघरात जावं लागतं.

पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठी नाही. ते एक वेळ चाललं असतं, पण प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर ठळक अक्षरात उत्तर दिलंय. ‘बेदाणे वर येतील कारण...’ असं आधीच सांगितल्यावर मूल सोडा वॉटरच्या ग्लासात बघेल कशाला? मी त्या ओळींवर वहीचे कपटे चिकटवले. मग गार्गीने बघितलं की बुडबुडे चिकटले की बेदाणा वर येतो, वर आल्यावर ते फुटतात, की परत खाली. मल्हारने बेदाणे काढून खाल्ले, त्यामुळे प्रयोगाला ताज्या बेदाण्यांचा पुरवठा चालू ठेवावा लागला.

घ्यावी की नाही? भिंग, होकायंत्र, चुंबक, क्लिपच्या वायरी आणि पेरिस्कोपचे दोन आरसे, या पेटीत एवढंच कामाचं आहे. हे सगळं नाशकात सुटं घेतलं तर मला वाटतं पाचशेच्या आत बसतं, फक्त दोन-तीन दुकानं फिरावी लागतात. नोकरी करणाऱ्या आईबापांना ते फिरणं जमत नाही हेही खरं, आणि वाढदिवसाला भेट द्यायची तर सुट्या वायरी कागदात गुंडाळून देता येत नाहीत. सवलतीच्या विक्रीत हजाराच्या आत मिळाली तर घ्या. पूर्ण किमतीत नको. दुकानात पेटी उघडू देत नसतील तर निदान झाकणावरच्या चित्रात सेल होल्डर एका सेलचा आहे की दोन सेलचा ते बघा. दोनचा असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि सेल वेगळे घ्या. आमच्या पेटीवर ‘सर्व साहित्य आत’ असं लिहिलं होतं, पण पेन्सिल सेल नव्हते. संध्याकाळी सातला उघडलेली पेटी, दोन पोरं होल्डर हातात घेऊन बसलेली, आणि मग टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढले. सासूबाईंची मालिका त्याच वेळेला असते.